अर्जातील ओळ गळते, दोष मात्र अर्जदाराला

महोदय,

ऑनलाइन अर्जात भरलेली पत्त्याची दुसरी ओळ जतन केल्यावर दिसेनाशी होते आणि चौकशी केल्यास ‘तुमच्याकडूनच राहिली असेल’ असे ऐकावे लागते, हा अनुभव अनेकांना आला असेल. संगणक क्षेत्रात काम करत असल्याने सांगतो, की यामागे पुष्कळदा ब्राउझरमधील अर्ज आणि सर्व्हरवरील एपीआय (अर्जातील माहिती स्वीकारणारा प्रोग्रामचा भाग) यांनी रकान्यांना दिलेल्या नावांतील विसंगती असते.

सर्व्हरवर अनेकदा वापरल्या जाणाऱ्या पायथॉन या भाषेत, ‘पेप ८’ या २००१ सालच्या शैलीसंकेतानुसार, नावातील शब्द अंडरस्कोअरने (_) जोडतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये ते सलग लिहून पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल करतात. दोहोंमधील देवाणघेवाण ज्या जेसन या मजकूर-स्वरूपातून होते, ते कोणत्याच पद्धतीची सक्ती करत नाही. नाव चुकले तरी जावास्क्रिप्ट नुसते ‘अनडिफाइन्ड’ (मूल्य नाही) देते, तर सर्व्हरवर आलेली माहिती तपासणारी जँगो रेस्ट फ्रेमवर्क किंवा पायडँटिक ही पायथॉनची साधने मूळ सेटिंगमध्ये अनोळखी नाव निमूटपणे वगळतात. अर्जदाराला ‘यशस्वी’ असा संदेश दिसतो आणि ओळ मात्र कुठेच पोहोचलेली नसते.

यावर नावे एका पद्धतीतून दुसरीत आपोआप बदलणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) बसवली जाते, आणि बहुतेक नावांना ती पुरते. पण ‘ॲड्रेस_लाइन_१’ आणि ‘ॲड्रेस_लाइन१’ या दोन्हींचे जावास्क्रिप्टी रूप एकच होते, त्यामुळे परतीच्या वाटेवर अंडरस्कोअर अंकाआधी घालायचा की नाही, हे प्रत्येक लायब्ररी आपल्या मताने ठरवते. जिथे नावाच्या जागी माहितीच असते, उदाहरणार्थ उत्पादनांचे कोड, तिथे तर हे रूपांतर माहितीच बिघडवते.

म्हणून रूपांतर एपीआयशी बोलणाऱ्या एकाच थरात व्हावे आणि अपवादांची यादी तिथेच उघड लिहावी. प्रत्येक पडद्याच्या कोडमध्ये दोन्ही रूपे तपासत बसणे ही निव्वळ मलमपट्टी आहे (आणि ती सर्रास दिसते). सर्व्हरनेही अनोळखी नाव आल्यास ते नेमके कोणते, हे सांगून विनंती नाकारावी. पायडँटिकमध्ये त्यासाठी एक सेटिंग पुरते.

सार्वजनिक पैशातून वेबसाइट करून घेणाऱ्या कार्यालयांनी काम ताब्यात घेण्यापूर्वी पूर्ण अर्ज भरून, जतन करून, पुन्हा उघडून रकाना न् रकाना ताडून पाहण्याची अट निविदेतच घालावी, आणि ती चाचणी कंत्राटदाराव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी करावी.

— एक संगणक अभियंता, पुणे