नंद्याचा हेडसेट माळ्यावरून काढ

प्रिय बाळ्या,

चार महिने एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा तसाच.

नंद्याचा फोन आला होता. "मन शांत व्हायचं राहिलं, उलटी तेवढी यायची राहिली," म्हणाला. ध्यानासाठी घेतलेला क्वेस्ट २ (डोळ्यांवर बांधायचा व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा हेडसेट) माळ्यावर गेलाय. तू दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून तुला सांगतो. त्याला वाटतंय आपलं मनच चंचल. चंचल आहेच, पण मळमळ त्याची नव्हे.

आधी भिंगांमधलं अंतर बघ. ती बोटांनी सरकतात, खाचा तीनच : ५८, ६३, ६८ मिलिमीटर. चष्म्याच्या कागदावर 'पीडी', म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, लिहिलेलं असेल, त्याच्या जवळची खाच लाव. चुकली की अक्षरं पुसट, डोळ्यांवर ताण आणि कपाळ ठणकायला लागतं. चष्म्यासाठी डब्यात काळा स्पेसर येतो, तो नंद्याने नक्की फेकला असेल, शोध. नाहीतर चष्मा भिंगावर घासतो, आणि तो ओरखडा जात नाही. मग पट्टा. वजन अर्धा किलो, सगळं नाकाकडे. मागचा पट्टा कवटीच्या उंचवट्याखाली बसव, मग वरचा ओढ. गालांवर आवळायचा नसतो. कॅरमवर बोरिक टाकतानाही या माणसाला प्रमाण नव्हतं, आठवतं ना? (ती क्वीन माझीच होती.)

खरी गडबड मात्र खेळात आहे. तो म्हणे गरुड होऊन दरीत उडतो. डोळे म्हणतात उडतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते खुर्चीत बसलाय. या भांडणात पोट ढवळतं. त्याला बसूनच खेळायला लाव, जागा न बदलणारं काहीतरी : तळं, जंगल, किंवा ट्रिप नावाच्या ध्यानाच्या ॲपसारखं श्वासाचं. चालावंच लागलं तर सेटिंगमध्ये टेलिपोर्ट, म्हणजे न सरकता थेट दुसऱ्या जागी उडी. श्वास ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर. पहिला आठवडा ५ मिनिटं, बस. मळमळ सुरू झाली की त्याच क्षणी काढायचा. "होईल सवय" म्हणून रेटला तर वाढतेच.

तू थोतांड म्हणशीलच. विपश्यनेवरून भांडलो तेव्हाही म्हणालास. अमेरिकेत सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन हे मानसशास्त्रज्ञ १९९६पासून भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी व्हीआर देत आले. पुढे त्यासाठीच 'स्नोवर्ल्ड' हा खेळ बनवला, बर्फाच्या दरीत हिमगोळे मारायचा. लक्ष तिकडे गुंतलं की वेदना कमी जाणवते. पण हे लक्ष वळवणं झालं, ध्यान नव्हे, एवढं तुझं मान्य. म्हणून हेडसेट काढल्यावर २ मिनिटं नुसते डोळे मिटून बसायला सांग. नंद्या तेवढंच टाळेल.

वहिनींची बदली झाली का? पिंकीच्या ॲडमिशनचं कळव.

आणि हो, माळ्यावरचा कुबट वास जावा म्हणून हेडसेट गादीसारखा उन्हात टाकू नकोस. ऊन भिंगातून आत गेलं की काही मिनिटांत पडदा जळतो, डाग कायमचा. भिंगं कोरड्या मऊ फडक्याने पूस, चष्म्याच्या स्प्रेने नाही. स्पेसर सापडला की फोन कर.

तुझा,
अव्या