नव्या मोटारसायकलचा एरर कोड पुसण्याआधी त्याची नोंद जॉब कार्डावर हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवी मोटारसायकल घेतल्यानंतर काही महिन्यांतच तिच्यात दोष आढळला, तर तो मुळापासूनच होता हे सामान्य ग्राहकाने कशाच्या आधारे दाखवायचे, या प्रश्नाकडे आपल्या दैनिकातून संबंधितांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये बरीच वर्षे काम करतो, त्यामुळे यंत्र म्हटले की ते कधीतरी बिघडणारच, हे मला मान्य आहे. बिघाड कागदावर येऊच दिला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

माझा मुलगा शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. उचगाव, बाची, सुळगा, हिंडलगा या भागातील कितीतरी तरुण रोज दुचाकीने राज्याची सीमा ओलांडून महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात कामाला जातात, तसेच निपाणीकडचे कागलला जातात. शिफ्टच्या आणि बसच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून मोटारसायकल असल्याशिवाय ही नोकरी टिकतच नाही. मुलाने बेळगावच्या एका शोरूममधून घेतलेली गाडी पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीपासूनच वेग कमी करताना बंद पडू लागली. थ्रॉटल सोडून क्लच दाबला आणि वळणावर हँडल थोडे जास्त फिरले की इंजिन बंद. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा क्षणभर लागायचा, आणि स्टार्टर दाबला की काही झालेच नाही अशा थाटात गाडी पुन्हा सुरू व्हायची. वेंगुर्ला रोडवर मागून उसाचा ट्रॅक्टर किंवा मालाचा ट्रक येत असताना गाडी अशी बंद पडणे किती धोक्याचे आहे, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना ठाऊक आहे. कंपनीचे आणि शोरूमचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू आहे आणि ही पद्धत एकाच दुकानापुरती नसल्याचे अनेकांकडून ऐकले आहे.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दर खेपेस वेगळे कारण सांगण्यात आले. आधी, रनिंग-इन (नवी गाडी जपून चालवण्याचा सुरुवातीचा काळ) पूर्ण झाले की इंजिन आपोआप मोकळे होईल, असे म्हणाले. मग पेट्रोलला दोष दिला : हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, पावसाळ्यात त्यात पाणी उतरते, तेव्हा तुम्ही पंप बदलून बघा. इथेनॉल पाणी ओढून घेते हे खरे, आणि सभोवती ऊस आणि साखर कारखानेच असलेल्या आमच्यासारख्यांना इथेनॉल हा विषय काही नवा नाही. पण पेट्रोलमधल्या पाण्याने अडणारी गाडी सरळ रस्त्यावरही धक्के देईल, ती केवळ हँडल वळवल्यावर कशी बंद पडेल? नंतर साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल गेला असेल, असे सांगून तो धुऊन देण्यात आला. हे कारण अगदीच टाकाऊ नव्हते. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद करणारा हा स्विच जांबोटी-कणकुंबीकडच्या लाल चिखलाने खरोखरच अडकतो, आणि खानापूर तालुक्यातील पुष्कळांनी त्यासाठी भर पावसात गाडी ढकलली असेल. आमच्या गाडीला मात्र त्याने फरक पडला नाही. या सर्व खेपांची जॉब कार्डे, म्हणजे तक्रार आणि केलेले काम नोंदवण्याचे वर्कशॉपचे कागद, माझ्याजवळ आहेत. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप' आणि केलेल्या कामाच्या रकान्यात 'तपासले, ओके' याखेरीज त्यांवर काहीही नाही.

पुढे नातेवाइकांकडे गडहिंग्लजला गेलो असता तेथील त्याच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. वॉरंटी कंपनीची असते, विकणाऱ्या दुकानाची नव्हे, त्यामुळे कर्नाटकात घेतलेली गाडी महाराष्ट्रात दाखवायला हरकत नसते. आमच्याकडील अनेकांना हे माहीत नसते, आणि 'जिथे घेतली तिथेच न्या' या उत्तरावर ते परत फिरतात. तेथील तरुण मेकॅनिकने इंजिन आयडलिंगवर ठेवून हँडल लॉकपर्यंत फिरवले आणि इंजिन बंद पडले. परत फिरवले, परत बंद पडले. टाकी उतरवल्यावर दिसले की हँडलच्या गळ्याजवळून जाणारा वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा) क्लिपमध्ये बसवलेलाच नव्हता; हँडल वळले की तो ताणला जाई आणि एका सेन्सरच्या कपलरमधली (तारा जोडणाऱ्या सॉकेटमधली) पिन सैल होई. म्हणजे दोष कारखान्यात जोडणी करतानाच राहिलेला होता. मुलाच्या गाडी चालवण्याशी किंवा पंपावरच्या पेट्रोलशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या मेकॅनिकने गाडीत साठलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला तेव्हा त्या दिवशीचा एकच कोड सापडला. आधीचे सगळे पुसलेले होते.

येथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. कार्ब्युरेटरच्या काळात गावातला गॅरेजवालाही स्क्रू फिरवून आयडलिंग जमवायचा, आणि बिघाड सापडला नाही तरी जेट, प्लग हातात घेऊन पाहता येत होते. आता थ्रॉटल किती उघडला आहे, क्रँक कोणत्या स्थितीत आहे, सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे सेन्सर कळवतात आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. एखाद्या सेन्सरचा सिग्नल तुटला की ईसीयू त्याचा एरर कोड साठवून मीटरवरचा दिवा लावतो. सिग्नल पूर्ववत झाला तर दिवा विझतो, पण कोड सहसा काही काळ मेमरीत राहतो. जो बिघाड अधूनमधूनच होतो आणि वर्कशॉपमध्ये गाडी उभी असताना हटकून होत नाही, त्याचा एवढाच पुरावा ग्राहकाच्या बाजूने असतो, आणि तो वाचण्याचे यंत्र मात्र विक्रेत्याच्या हातात असते. दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावाच लागतो, त्यात गैर काही नाही. तो कोणता होता हे न लिहिता, दुरुस्तीही न करता पुसणे आणि वर 'ओके' लिहिणे, हे गैर आहे.

उद्यमबागेत फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेची पोकळी) निघाले तर ते भंगारात टाकण्याआधी त्यावर रिजेक्शनचा टॅग लागतो : बॅच कोणती, दोष काय, तपासले कोणी. हा टॅग चुकला तर वाहन कंपन्यांचे इन्स्पेक्टर आम्हाला धारेवर धरतात, आणि त्यांनी धरलेच पाहिजे. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराकडून जी शिस्त अपेक्षिली जाते, ती तयार गाडी हाताळणाऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नसावी, याचे आश्चर्य वाटते.

म्हणून मागणी साधी आहे. ग्राहक जी तक्रार सांगेल ती तो ज्या भाषेत सांगतो त्याच भाषेत जॉब कार्डावर जशीच्या तशी उतरवावी, स्कॅनरवर दिसलेले कोड पुसण्याआधी त्यावर लिहावेत, बदललेल्या भागाचा नंबर टाकावा आणि गाडी ताब्यात देतानाच सहीशिक्क्यासह प्रत द्यावी, मग सर्व्हिसिंग मोफत असो वा पैसे भरून केलेले असो. डीलरला ट्रेड सर्टिफिकेट देणाऱ्या परिवहन कार्यालयानेही याबाबत दोन शब्द सुनवायला हरकत नसावी.

कागदाचा आग्रह धरण्याचे कारण कायद्यातच आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. वस्तूत दोष असल्याचे सिद्ध झाले तर जिल्हा ग्राहक आयोग तो दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. परंतु दोष आहे हे दाखवण्याचा भार तक्रारदारावर येतो, आणि त्याच्याच हातातली कार्डे एकामागून एक 'ओके' म्हणत असतील, तर कंपनीच्या वकिलाला वेगळे काही मांडण्याची गरजच उरत नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. अशा तपासणीसाठी त्यांपैकी एखाद्या संस्थेच्या मेकॅनिकल विभागाला शासनाने मान्यता देण्याचा विचार करावा, असे सुचवावेसे वाटते.

सीमाभागातील वाचकांनी याच कायद्यातील आणखी एक तरतूद लक्षात घ्यावी. तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, विरुद्ध पक्ष जेथे असेल किंवा प्रकरण जेथे घडले असेल तेथेच जावे लागे. उचगावात राहून शिनोळीत काम करणाऱ्याला त्यामुळे बेळगाव आणि कोल्हापूर असे दोन्ही मार्ग खुले होतात, आणि कागदपत्रे मराठीत असतील तर दुसरा मार्ग सोयीचा पडेल. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगाकडे शुल्क लागत नाही, वकील देणेही सक्तीचे नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलून नोंद करता येते.

आपल्या बाजूनेही काही गोष्टी होतात, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चोर्ला घाटातल्या धुक्यासाठी म्हणून गाडी घेतल्याच्या आठवड्यातच वायर कापून जादा लाइट आणि मोठा हॉर्न बसवला जातो, आणि पुढे वायरिंगचा खरा दोष निघाला तरी कंपनीला वॉरंटी नाकारण्याचे आयते निमित्त मिळते. पहिली सर्व्हिसिंग चुकवणे, रनिंग-इनमध्येच ट्रिपल सीट किंवा खताची पोती नेणे, हेही सर्रास चालते. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, केबल हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत येत नाहीत, त्यावरून भांडू नये. आणि मुहूर्ताचे म्हणाल, तर दसऱ्याला पूजा जरूर करावी. परंतु त्या दिवशी इतक्या गाड्या बाहेर पडतात की ताबा देण्याआधीची तपासणी नीट होत असेल असे मला वाटत नाही. आदल्या दिवशी जाऊन हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, इंजिन चालू ठेवून पाहायला पाच मिनिटे पुरतात.

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत तोच दोष असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११० अ नुसार सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. त्यासाठी गाडीमालकांनी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी लागते, कारण तक्रारींचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेल्याशिवाय चौकशी सुरू होत नाही. आम्ही ती नोंद केली आहे. ज्यांची गाडी हँडल वळवताच बंद पडते त्यांनीही करावी.

माझ्या मुलाच्या गाडीचा हार्नेस वॉरंटीत बदलून मिळाला आणि गाडी आता विनातक्रार चालते. मात्र कंपनीच्या दप्तरी ही तक्रार गडहिंग्लजच्या कार्डाच्या तारखेपासूनच सुरू झाल्याचे दिसते, त्याआधी काही घडलेच नाही असे त्यांचे म्हणणे आहे. आधीच्या सर्व कार्डांच्या प्रती जोडून, ईसीयूमधले कोड कोणी आणि कधी पुसले याचा लेखी खुलासा आम्ही स्पीड पोस्टाने मागितला आहे. उत्तर आल्यास तेही आपल्याकडे पाठवीन.

कळावे,
आपला,
एक वाचक,
उचगाव, ता. जि. बेळगाव