काकू, गिऱ्हाईक घालवल्याबद्दल आभार

प्रिय काकू,

तुम्ही मोबाइलवर फक्त फोन करता आणि घेता, त्यामुळे नात हे तुम्हाला वाचून दाखवेल या भरवशावर लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही 'चल, लाइन अडवू नकोस' म्हणता. इथे तुम्हाला मला हाकलता येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने वाकायचं नाही, उभं राहायचं नाही, काही उचलायचं नाही. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, आणि मी सीएसएमटीहून लटकत रात्री साडेआठला डोंबिवलीत उतरणारा. मला तेव्हा चहा आणि मॅगी यापलीकडे काही येत नव्हतं. दुपारचं सासूबाई कसंबसं निभवायच्या. रात्रीचं काय, हा प्रश्न मला रोज दिवा स्टेशनच्या आसपास पडायचा.

तुमच्या पोळी-भाजी केंद्रातून बारा पोळ्या आणि दोन भाज्या, नाहीतर मोबाइलवरून काहीतरी मागवलेलं. पहिल्या महिन्यात नुसत्या रात्रीच्या जेवणाचे अकरा हजार गेले, तेही ऑपरेशनचं बिल भरून झाल्यावर.

नातेवाईक येत होते. प्रत्येक जण दारातून निघताना 'काही लागलं तर सांग हं' म्हणायचा. सांगायचं काय? रोज रात्री साडेआठला चार माणसांचं जेवण लागतं, हे सांगायला नको होतं. एकांनी मुलांसाठी पिझ्झा आणला आणि जाताना मुलांना बाहेरचं फार देऊ नकोस म्हणून बजावलं.

मग मी शहाणपणा करून एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. पंधरा मिनिटांचे बाराशे रुपये आणि हातात छापील तक्ता: किन्वा, अॅव्होकॅडो, बदामाचं दूध, ऑलिव्ह तेल. घरी कोण रांधतं, किती वाजता येतं, महिन्याला किती परवडतं, यातलं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. तो तक्ता मी फ्रिजवर लावला. मुलाने त्याच्या पाठीमागे डायनोसॉर काढला, तेवढाच त्याचा उपयोग झाला.

आणि एक दिवस पोळ्या बांधता बांधता तुम्ही विचारलंत, "अहो, रोज किती देता मला?"

मी म्हटलं, सव्वातीनशे.

"महिन्याचे किती झाले, करा हिशेब."

मला वाटलं, महिन्याचं बांधून घेऊन काही कमी करणार असाल. तुम्ही म्हणालात, "पोळ्या माझ्याकडून न्या, त्या तुम्हाला या जन्मात जमायच्या नाहीत. भाजी-आमटी घरी करा. माझ्याकडे भाजीत तेल असतं, मसाला असतो, दिवसभर टिकायला हवी ना. रोज खायला नाही ती."

स्वतःच्या दुकानात उभं राहून, मागे पाच गिऱ्हाइकं असताना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानामागे सात वार लिहून दिलेत. त्यात एकही पदार्थ मला अनोळखी नव्हता, हेच मला आधी खरं वाटेना. मुगाची खिचडी आणि ताक. मटकीची उसळ. डाळ घालून मेथी. वरणफळं. अंड्याचा रस्सा. थालीपीठ. रविवारी फ्रिजमधलं उरलंसुरलं. खरी अक्कल पदार्थांत नव्हती, क्रमात होती. भाजी आठवड्यातून एकदाच आणायची. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, मग भेंडी-गवार, आणि कोबी, दुधी, लाल भोपळा शेवटी, कारण ते थांबतात. तूरडाळ एकदाच जास्त शिजवायची, आज वरण आणि उद्या त्यातच फळं. उरलेला दुधी किसून शनिवारच्या थालीपिठात. खिचडीला तांदूळ तीन मुठी तर डाळ एक मूठ. तेलाच्या महिन्याला लिटरच्या तीन पिशव्या, "चौथी फोडायची नाही."

ही अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलवर वाचत असायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराचे नवे नियम काढले, ते तिने शोधले. दोन हजार कॅलरींच्या दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी वा अंडी-मांस 85 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. तिने गुणाकार-भागाकार केले आणि म्हणाली, "अहो, काकूंच्या मुठी बरोबर आहेत." तुमच्या तीन पिशव्याही जवळपास बरोबर निघाल्या. बाराशे रुपये मी उगाच घालवले, हे तिने तेव्हापासून साधारण दर आठवड्याला ऐकवलं आहे.

पण काकू, हा कागद नसता तरी कदाचित चाललं असतं. माझ्या मनात राहिला आहे तो तुमचा मिस्ड कॉल.

पहिल्याच रविवारी रात्री साडेनऊला फोन वाजला. दोन रिंगा, आणि बंद. मला वाटलं काही अडचण असेल, म्हणून उलट फोन केला.

"मटकी भिजवलीस?"

"नाही, विसरलो."

"मग ऊठ."

तेव्हाच तुम्ही मला 'अहो'वरून 'अरे'वर आणलंत. पुढे अडीच महिने, कडधान्य भिजवायचं असेल त्या रात्री साडेनऊला दोन रिंगा. आता पॅकमध्ये फोन फुकट असतात हे मी सांगून पाहिलं. तुमचं म्हणणं, बोलत बसलो तर माझी भांडी कोण घासणार. मुलगा तर रिंग वाजली की ओरडायचा, "बाबा, मटकी!" त्या दिवसांत मी ऑफिस, दवाखाना, शाळा, विमा कंपनी अशा सगळ्यांना फोन करत होतो. मला स्वतःहून, वेळेवर, न चुकता येणारा फोन एवढा एकच होता. एकदा तुम्हाला ताप होता, केंद्र बंद होतं, तरी साडेनऊला रिंगा आल्या. त्या रात्री चवळी भिजत घालताना मी स्वयंपाकघरात रडलो. हिला सांगितलं कांदा चिरत होतो. चवळी भिजवायला कांदा लागत नाही हे तिला माहीत आहे, पण ती काही बोलली नाही.

अशी माणसं अजून असतात. 'कशाला रिक्षा करता, दोन मिनिटांवर आहे' म्हणणारा रिक्षावाला. 'कॉलर उलटवून देतो, नवीन नको' म्हणणारा आमच्या गल्लीतला शिंपी. त्यांचा त्यात तोटाच असतो आणि ते तो फारसा मोजतही नाहीत. त्यांना कोणी पुरस्कार वगैरे देत नाही, आणि दिला तर ते शाल कुठे ठेवायची म्हणून वैतागतील.

ही आता बरी आहे, ओट्याशी उभी राहते. तरी रात्रीचं मीच करतो, कारण तिच्या मते वरणफळं माझ्या हातची बरी होतात. (उसळ नाही. उसळीबद्दल घरात मतभेद आहेत.) रात्रीच्या जेवणाचा खर्च, तुमच्या पोळ्या धरून, महिना साडेपाच हजारांवर आला आहे. पोळ्या मला खरंच जमल्या नाहीत.

तुमचा स्टीलचा उभा डबा अजून माझ्याकडे आहे. तुम्ही पहिल्या आठवड्यात त्यात नमुन्याला उसळ दिली होतीत. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून राहून गेला. या रविवारी घेऊन येतो. त्यात मी केलेली थालीपिठाची भाजणी आहे. बाजरी जरा जास्त भाजली गेली आहे आणि धने कमी पडलेत, हे मला कळलंय. तरी ओरडा.

तुमचा,
बारा पोळ्यावाला