पुरवणीतल्या भटकंतीत रेल्वे कुठे आहे?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला लोहगड-विसापूरवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. पण ‘कसे जाल’ या चौकटीत द्रुतगती मार्गावरून कुठे वळायचं, गाडी कुठे लावायची आणि जेवायला कुठे थांबायचं, एवढंच. मळवली स्टेशनचं नावही नाही! पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात पायी भाजे गाव येतं. हे लिहायला एक ओळ पुरली असती.

गाडीने गेलेल्याला फिरून गाडीपाशीच यावं लागतं. लोकलवाला मळवलीला उतरतो आणि संध्याकाळी कामशेतला परतीची लोकल पकडतो. मधली दिवसभराची चाल म्हणजे भाजे लेणी, गायमुख खिंड, विसापूर आणि मग उतरून बेडसे. भाज्याच्या चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. बेडशाला कातळातल्या अरुंद बोळातून आत शिरलं की ते उंच खांब एकदम अंगावर येतात. ही दोन्ही लेणी एकाच दिवशी पायी पाहावीत, मगच ती एका डोंगररांगेची आहेत हे पायांना कळतं.

ही वाट आता तुटत चालली आहे. त्यावर तुम्ही लिहायला हवं होतं. गेल्या श्रावणात बेडशाहून कामशेतकडे निघालो आणि नेहमीची, बांधाबांधाने ओढा ओलांडून जाणारी पायवाट धरली. ओढ्यापलीकडे तारेचं कुंपण, आत कापलेलं गवत आणि फाटकावर ‘खासगी मालमत्ता’ची पाटी. राखणदार भला माणूस. म्हणाला, “काका, गावातली पोरंसुद्धा आता रस्त्यानेच जातात.” मुकाट्याने पवनानगर रस्त्याला लागलो. कडेला चालायला हातभर जागा नाही, आणि गाड्या चिखल उडवत चाललेल्या. माझ्यापुढे दोन शाळकरी मुली भर पावसात छत्र्या मिटून चालत होत्या, कारण प्रत्येक गाडीच्या वाऱ्याने छत्री उलटत होती. त्या मुलींची वाट कुणी बंद केली, हे कुणी विचारलंय का?

गावनकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेले असतात. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. ज्याच्या फार्महाऊसवर मजुरीला जायचं त्याच्याविरुद्ध गावकरी अर्ज कसा करणार? हे काम वर्तमानपत्राचं आहे. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, आता गर्दी वाढतच जाणार. सगळेच गाडीने आले तर भाज्याच्या अरुंद रस्त्यावर पावसाळ्यात पाय ठेवायला जागा उरणार नाही. यापुढे ‘कसे जाल’मध्ये पहिली ओळ जवळच्या स्टेशनची द्या, आणि जमेल तिथे पुढच्या स्टेशनपर्यंतची पायवाटही.

आणखी एक. तुमच्या अंकात पूर्वी लोकलचं वेळापत्रक यायचं, ते का बंद केलं? दुपारी लोकल विरळ असतात. फलाटावर ताटकळणाऱ्या सगळ्यांकडे काही स्मार्टफोन नसतो. महिन्यातून एकदा तरी ते छापावं.

एक नियमित वाचक, तळेगाव दाभाडे