शाळेतील त्या सर्वांचे जाहीर आभार

आमच्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असूनही ती निर्धास्तपणे शाळेत जाते, याचे श्रेय ज्यांचे आहे त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो.

सॅनिटायझरने ॲलर्जी आणणारी प्रथिने हातावरून जात नाहीत, म्हणून डबा खाऊन झाल्यावर प्रत्येक मुलाला साबणाने हात धुवायला लावणाऱ्या आणि बाक स्वच्छ पुसून घेणाऱ्या मावशींचे काम, खरे तर, सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. गेल्या सत्रात मुलीच्या अंगावर गांधी उठून तिला धाप लागली, तेव्हा वर्गशिक्षिकांनी आम्हाला फोन करण्यात वेळ न दवडता एपिनेफ्रिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूस दिले, तिला उभे न करता पाय लांब करून बसवले आणि मगच रुग्णवाहिका बोलावली. अशा वेळी ॲलर्जीची नुसती गोळी पुरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ते इंजेक्शन कुलूपबंद कपाटात न ठेवता हाताशी असावे, असा आग्रह धरणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आम्ही विशेष ऋणी आहोत.

वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिली वाटणाऱ्या पालकांचेही आभार. मुलीला त्या दिवशी वेगळे बसावे लागले नाही.