आईचे उदोन आणि तुझे सुकटीचे पातेले

प्रिय दत्ता,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, रागावू नकोस. प्रकृती ठीक आहे. जपानमधल्या क्योटोहून परतून आठवडा झाला, आणि तिथे जे घडले ते तुझ्याखेरीज कोणापाशी बोलता येणार नाही.

"देवळांच्या त्या गावात तुला चुकूनही मासळी खावी लागणार नाही," असा शब्द मी आईला निघताना दिला होता. पहिले तीन दिवस आम्ही एका लहान खानावळीत उदोन खाल्ले: गव्हाच्या जाड, पांढऱ्या शेवया, वर तळून गोडसर मुरवलेला तोफू आणि फिकट, नितळ सार. आईने वाडगा दोन्ही हातांनी उचलून शेवटचा घोट घेतला आणि म्हणाली, "किती हलकं आहे रे!"

चौथ्या दिवशी, जेमतेम 400 मीटर लांबीच्या निशिकी बाजारात, एका दुकानात लाकडाच्या ढलप्यांसारखे काहीतरी किसलेले दिसले. वास आला आणि मी जागीच थांबलो. तुझ्या मालवणच्या सुकटीचाच भाऊ तो. ते कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा. तो आणि कोंबू नावाचे समुद्री शेवाळ यांच्या अर्काला दाशी म्हणतात, आणि उदोनचे सार, आंबवलेल्या सोयाबीनचे मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, सगळे बहुधा त्यावरच होते. मी रोज "मासा नाही ना?" एवढेच विचारत होतो, दाशी कशाची, हे विचारायला हवे होते.

नंतर मात्र तेन्र्यूजी मंदिरात तिला शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचे जेवण, खाऊ घातले. त्यात दाशी कोंबू आणि शिताके अळंब्यांची असते, आणि कांदा-लसूणही वर्ज्य, थेट आपल्या चातुर्मासासारखे. ती फार सुखावली, आणि मला घास गिळवेना.

सदाशिव पेठेतल्या खोलीवर तू तिच्या पातेल्यात सुकट परतलीस, तेव्हा मी गप्प राहा म्हणालो आणि तू तिला सांगून मोकळा झालास. महिनाभर मी तुझ्याशी बोललो नाही. तिने मात्र पातेले चिंचेने घासले आणि त्यातच केलेली आमटी तुला वाढली. त्या भांडणात तुझेच बरोबर होते, हे मी आज कबूल करतो.

काल तिने विचारले, "ते सार कशाचं करतात?" मी कोंबूचे पाकीट पुढे केले आणि पुढचे बोललो नाही.

घराचे काम कुठवर आले? चिमीला दहावीसाठी आशीर्वाद सांग. रविवारी नक्की ये. आई ते सार करणार आहे, आणि तू समोर बसलास तर मला तिला सांगता येईल.

तुझा,
विनू