नुसत्या भागाकाराने विमान पोहोचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरच्या दोन विमानतळांमधले अंतर घ्यायचे, त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागायचे आणि येईल तो ‘प्रवासाचा वेळ’ म्हणून सांगून मोकळे व्हायचे, ही पद्धत फारच रुळली आहे. लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंतचे अंतर सुमारे ५,५४० किमी. भागाकार सव्वासहा तासांच्या आत येतो. वेळापत्रकात मात्र जाताना सुमारे आठ तास आणि परतताना सात तास दिसतात.

यातले काही जमिनीवरच खर्ची पडते. वेळापत्रक मोजते ते गेट सुटल्यापासून दुसरे गेट लागेपर्यंत. धावपट्टीपर्यंतची रांग त्यात आली, चढाई-उतरणीतला कमी वेगही आला. पण खरा खेळ वाऱ्याचा. ९०० हा विमानाचा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग, जमिनीच्या नव्हे. उत्तर अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणून एका दिशेला तो ढकलतो, दुसऱ्या दिशेला अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. जाऊन-येऊन हिशेब फिटतो, असेही नाही. ६,००० किमीच्या मार्गावर ताशी १०० किमीचा वारा समोरून असेल तर साडेसात तास, मागून असेल तर सहा, एकूण साडेतेरा. वाराच नसता तर १३ तास २० मिनिटे. कारण उघड आहे: समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असते.

अंतरही नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत छोटा मार्ग सपाट नकाशावर कमानीसारखा दिसतो. तोही प्रत्येक वेळी मोकळा नसतो. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत!

अक्षांश-रेखांशांवरून अंतर स्वतः काढणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. जेएफकेचा अक्षांश ४० अंश ३८ मिनिटे, म्हणजे दशांशात ४०.६३, तो ४०.३८ लिहिला की विमानतळ २८ किमी दक्षिणेला सरकतो. आणि पश्चिम रेखांशाचे उणे चिन्ह राहिले, तर जेएफके थेट किर्गिझस्तानात जातो. पृथ्वी पूर्ण गोल धरल्याने येणारी चूक त्यापुढे किरकोळ, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतली.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, म्हणून वजाबाकीआधी दोन्ही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणाव्यात. न्यूयॉर्क-लंडनमधला फरक एरवी पाच तासांचा. पण उन्हाळ्यासाठी अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे तो चारच तासांचा असतो.

आपला,
एक वाचक